वृक्षारोहणाच्या व्यापाऱ्यांस अनावृत पत्र

मुक्काम जामसर, तालुका जव्हार, जिल्हा पालघर.

श्रीयुत साहसविक्रेते महाशय यांस,

सह्याद्रीतील एका थंड हवेच्या ठिकाणी आपल्या एका व्यवसायबंधूने झाडांच्या माथ्यावर पोलादी तारा, डुलते पूल, दोरांच्या जाळ्या व अधांतरी टांगलेले ओंडके यांची जी रचना केली आहे, ती प्रस्तुत अर्जदाराने भाच्याच्या आग्रहास्तव आणि त्याच्याच खर्चाने सविस्तर पाहिली. आणि मनुष्याने पैसे मोजून झाडावर जावे, वर यथेच्छ भयभीत व्हावे व खाली उतरल्यावर त्या भयाबद्दल प्रशस्तिपत्र घ्यावे, ही योजना ज्या मस्तकातून निघाली त्या मस्तकाविषयी जो आदर मनात उत्पन्न झाला, तो आपल्या कानी घालून आपणांस आमच्या गावी येण्याचे आमंत्रण द्यावे, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

तेथील व्यवस्थेला नाव ठेवण्यास जागा नव्हती. प्रारंभी एक छापील कागद पुढे करण्यात आला, त्यातील मजकुराचा इत्यर्थ असा, की जे काही होईल ते माझ्या राजीखुशीने व माझ्याच जोखमीवर होईल. त्याखाली सही होताच डोक्यावर हेल्मेट, कमरेस व मांड्यांस पट्टे, आणि त्या पट्ट्यांस दोन दोर, प्रत्येकाच्या टोकाला एक कडी. एक कडी सोडावयाची तर दुसरी तारेत अडकलेली असलीच पाहिजे, कोणत्याही क्षणी दोन्ही मोकळ्या राहता कामा नयेत, हा नियम तेथला तरुण शिक्षक मुंजीतल्या भटजीच्या गांभीर्याने प्रत्येकाकडून म्हणवून घेत होता. झाडांचीही हेळसांड नव्हती. तार बुंध्याला काचू नये म्हणून तार आणि साल यांच्या मध्ये लाकडी ठोकळे बसवले होते. एवढा बंदोबस्त असूनही एक सुखवस्तू गृहस्थ मधल्या पुलावर थबकले आणि दोन्ही हातांनी तार कवटाळून गणपतीचा धावा करू लागले, तेव्हा एक मदतनीस या झाडावरून त्या झाडावर झपाझप जात त्यांच्यापाशी पोचला व गोड बोलून त्यांना पलीकडे घेऊन गेला. खाली आल्यावर चौकशी करता तो जवळच्याच ठाकरवाडीतला निघाला. असे चढायला कुठे शिकलास, या प्रश्नावर त्याने "शिकायचं काय त्यात?" एवढेच म्हटले, आणि तो पुढच्या घाबरलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याच्या या उत्तरात आपल्या धंद्याची सारी वंशावळ सामावलेली आहे. या विद्येच्या मूळपुरुषांत ज्यांची गणना होते ते जॉर्ज एबेर (1875–1957) हे फ्रेंच नौदलातील अधिकारी. 1902 साली मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सेंट पियेर शहर बेचिराख झाले, त्या प्रसंगी बचावकार्यात ते होते. देशोदेशींच्या प्रवासात वन्य लोकांची चपळ, काटक व डौलदार शरीरे पाहून, या माणसांना निसर्गाखेरीज दुसरा तालीममास्तर लाभलेला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि चढणे, तोल सांभाळणे, उडी मारणे, ओझे उचलणे यांची एक नैसर्गिक व्यायामपद्धती सिद्ध केली. तिच्यातून सैनिकांच्या अडथळ्यांच्या वाटा निघाल्या, आणि त्या वाटांतून आपले दोरमार्ग. म्हणजे रानातल्या माणसाची नक्कल शिपायाने केली, शिपायाची नक्कल करमणुकीच्या बागेने केली, आणि आता ती नक्कल तिकीट लावून रानात परत आली आहे. वंशजाने मूळ गावी यावे यात वावगे काही नाही. म्हणूनच म्हणतो, जामसरला या.

आमच्या जामसरला हे वैभव लाभलेले अर्जदाराने अद्याप पाहिलेले नाही. परंतु त्यावाचून आमचे झाडावर चढणे अडलेले नाही. या मुलखातले वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे भात, नागली आणि वरई पिकवतात, आणि या पिकांची रोपे धरावयाची तर राब लागतो. राब म्हणजे शेण, टहाळ, पातेरा आणि माती यांचे थर देऊन पावसापूर्वी भाजलेला वाफा. आणि टहाळ म्हणजे ऐनाच्या वगैरे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, ज्या आपण होऊन खाली येत नाहीत. तेव्हा माघ-फाल्गुनात कोयता कमरेच्या आकडीला अडकवून माणूस अनवाणी वर जातो, एका हाताने फांदी धरतो, दुसऱ्या हाताने फांदी तोडतो, आणि आपण धरलेली फांदी कोणती व तोडलेली कोणती याचा विसर पडू न देणे, एवढीच त्याच्या सुरक्षेची नियमावली. खाली बायका भारे बांधून ते डोक्यावरून शेतावर नेतात. प्रेक्षक नसतात, टाळ्या नसतात, छायाचित्र नसते.

सरकारदरबारी या चढण्याची नोंद झाली ती साहस म्हणून नव्हे. 1878 च्या वनकायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात टहाळावर निर्बंध येऊ लागले तेव्हा रयतेने एवढा गहजब केला, की मुंबई सरकारला 1885 साली एक वनआयोग नेमावा लागला व त्याचा अहवाल 1887 साली बाहेर आला. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान; आयोगाची नजर खालसा मुलखावर होती. दरसाल बोडके होणे ऐनाच्या प्रकृतीस मानवत नाही, हे वनखात्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे अर्जदारालाही म्हणवत नाही; परंतु त्या वादाचा निकाल वर चढलेल्या माणसाच्या कमरेला दोर नसल्याने लागतो, असे मात्र दिसत नाही.

तो पडलाच तर? आपल्याकडे विमा आहे. आमच्याकडेही गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्यात उंचावरून पडून येणारा मृत्यू मोजलेला आहे आणि वारसांस दोन लाख रुपये मिळतात. अर्जासोबत सातबाराचा उतारा जोडावयाचा असतो. ज्याचे शेत दुसऱ्याचे आणि झाड सरकारचे, त्या मजुराने चढण्यापूर्वी कोणता कागद सोबत घ्यावा, याचा खुलासा आपल्या कायदेपंडितांनी केल्यास उपकार होतील. राजीखुशीचा मजकूर त्यांच्या हातचा फारच सफाईदार असतो.

आता मूळ प्रस्ताव. आपल्या पाहुण्यांना वर जावयाचे आहे आणि आम्हांला फांद्या खाली हव्या आहेत. या दोन इच्छांचा मिलाफ आजवर कोणास सुचला नाही, याचे आश्चर्य वाटते. पाहुण्यांकडून आपण खुशाल शुल्क घ्यावे, त्यांस हेल्मेट, पट्टे आणि दोन-दोन कड्या द्याव्यात, व प्रत्येकाच्या हाती एक कोयता द्यावा. कोणती फांदी तोडावयाची व कोणती राखावयाची हे आमची माणसे खालून सांगतील, आणि त्याबद्दल त्यांस शिक्षकाचा पगार आपण द्याल. पाहुणे मुंबईचे असल्यास त्यांना हा व्यवहार परका वाटू नये, कारण आमच्या शेजारच्या मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी ते 2014 पासून पीतच आहेत. पाणी तिकडे जाते, तर थोडा घाम इकडे यावा. प्रशस्तिपत्र मात्र पाच भारे पुरे झाल्यावाचून देऊ नये, आणि त्यावर शिक्का भारे मोजणाऱ्या बाईचा असावा.

वनखात्याची परवानगी आपणच काढावी. साहसी पर्यटन असे वर लिहिलेला कागद कोणत्याही दफ्तरात आमच्या अर्जाहून लवकर पुढे सरकेल, अशी अर्जदाराची अटकळ आहे. टहाळ भाजण्यापूर्वी चांगले वाळावे लागते, सबब तारीख माघ उलटण्याच्या आत कळवावी. कोयते आमच्याकडे आहेत. हेल्मेटे, पट्टे आणि दोर येताना आणावेत, मापे सर्व प्रकारची असावीत, आणि जाताना ते सामान परत नेण्याची तोशीस घेऊ नये.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
जामसरचा एक रहिवासी