डीएसएल सोडून सगळं काही

फोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या जुन्या डीएसएल राउटरचा शौकीन ओळखायला सोपा असतो. बाकीचे लोक दुकानात वस्तू उलटी करतात ती किंमत बघायला. हा उलटी करतो ती हार्डवेअर रिव्हिजन बघायला. लेबल पुसट झालेलं असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून वाचतो.

आपल्याकडे ही जमात उदयाला आली ती २००५ नंतर. त्या वर्षी बीएसएनएलचं डेटावन आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ट्रायबँड सुरू झालं. २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, हे सरकारी धोरणातच लिहिलेलं असल्यामुळे त्यावर कोणी हसायची सोय नव्हती. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असे, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी सहाला न उठणारी पोरं दोनचा गजर लावून उठत. मोडेममध्ये व्हीपीआय-व्हीसीआय नावाचे दोन आकडे भरावे लागत. बीएसएनएलला शून्य-पस्तीस, एमटीएनएलला शून्य-बत्तीस. म्हणजे पुण्याचा मोडेम मुंबईत नेला की त्याला तीनाने कमी करावं लागे, आणि पुणेकराला हे मान्य होणं अवघड होतं.

हे डबे दणकट निघाले. आत बसलेलं फर्मवेअर मात्र कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं, आणि पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ हा जगजाहीर. मग शौकिनाला सुचतो तो मार्ग म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर. हा प्रकल्प २००४ साली सुरू झाला तो लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरवरून. त्यात लिनक्स असल्याचं उघड झालं आणि जीपीएल परवान्यापायी कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. लोक खूश झाले. पुढे त्याच राउटरची पाचवी आवृत्ती आली: डबा तोच, रंग तोच, आत लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स आणि मेमरी निम्मी. लेबल वाचायची सवय शौकिनाला अशा धक्क्यांतून लागते.

फर्मवेअर शोधणं म्हणजे पत्रिका जुळवणं. चिप, रिव्हिजन, फ्लॅश, रॅम, बूटलोडर असे एकेक गुण तपासायचे. फ्लॅश ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी असेल तर ओपनडब्ल्यूआरटीचे लोकच सांगतात, नका या भानगडीत पडू. आजच्या मोबाइलचा एखादा फोटोही कधीकधी ४ एमबीत मावत नाही. त्यातून पस्तीस गुण जुळलेच, तर छत्तिसावा उरतो: डीएसएलचा ड्रायव्हर.

ब्रॉडकॉमच्या चिपवाले डबे घरोघरी होते. त्यांवर ओपनडब्ल्यूआरटी चढतं, वायफाय बऱ्याचदा चालतं, फायरवॉल चालते, दिवे लुकलुकतात. फक्त डीएसएल चालत नाही, कारण तो ड्रायव्हर बंदिस्त आहे. एवढा खटाटोप करून हाती येतो तो डीएसएल सोडून सगळं काही करणारा डीएसएल राउटर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एआर७ चिपची तऱ्हा निराळी. तो धंदा २००७ मध्ये इन्फिनिऑनने घेतला, २००९ मध्ये त्याचं लँटिक झालं, २०१५ मध्ये लँटिक इंटेलकडे गेलं आणि २०२० मध्ये हा विभाग मॅक्सलिनिअरने घेतला. आता तक्रार घेऊन जायचं कोणाच्या दारात?

त्यातल्या त्यात लँटिकची चिप माणसात आलेली. ब्रिटनमध्ये बीटी या फोन कंपनीने दिलेला होम हब ५, टाइप ए हा शौकिनांचा लाडका, कारण त्याचं व्हीडीएसएल ओपनडब्ल्यूआरटीवर खरोखर चालतं. अट इतकीच की डबा उघडायचा, सिरियल वायरी डकवायच्या आणि वीज देताना आर७८ नावाच्या, मोहरीएवढ्या रोधाचं टोक अर्थ करून धरायचं. वायरींवर ३.३ व्होल्टच हवेत; उत्साहाच्या भरात जास्त दिले तर डब्याची वीट. हेही जमलं की समजतं, मोडेमच्या पोटात आणखी एक फर्मवेअर असतं. शौकीन ते जर्मन फ्रिट्झबॉक्सच्या अपडेटमधून काढून आणतात. ते अ‍ॅनेक्स बीचं निघालं, म्हणजे आयएसडीएनवाल्या जर्मन लाइनसाठीचं, तर आपली अ‍ॅनेक्स एची साधी फोन लाइन त्याला ओळखही देत नाही.

सगळंच फसलं तर डीडी-डब्ल्यूआरटी या दुसऱ्या फर्मवेअरवाल्यांचा तीस-तीस-तीसचा तोडगा आहे. रीसेट तीस सेकंद दाबा, न सोडता वीज काढून तीस, पुन्हा वीज देऊन तीस. दीड मिनिट टाचणी धरून ताठ उभा राहिलेला गृहस्थ घरच्यांनी पाहिला की ते त्याला हाक मारत नाहीत.

एवढ्यात फायबर जोडणारा पोऱ्या दारात येतो आणि तांब्याची तार गुंडाळू लागतो.

‘‘ती राहू दे रे,’’ गृहस्थ म्हणतात.

‘‘काका, पलीकडचं एक्स्चेंजच काढलंय. लाइन मेलीय.’’

‘‘असू दे. इकडचं फर्मवेअर एकदम ताजं आहे.’’