मुखदर्शनाची रांग

लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर हॅमलीजचं सात मजली खेळण्यांचं दुकान आहे. १७६० सालापासूनचं हे घराणं २०१९ मध्ये रिलायन्सने विकत घेतलं, म्हणजे दीडशे वर्षांच्या गुलामीचा हिशेब टेडी बेअरसकट चुकता झाला.

आता मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येही अशी झगमगती दुकानं आहेत, आणि बेताच्या पगाराच्या पालकांनी त्यांचे उपकार मानायला हवेत. राणीच्या बागेत तिकीट पडतं. इथे प्रवेश फुकट, एसीसकट. दारातला तरुण पोरांवर साबणाचे फुगे सोडतो, तेही फुकट. शिवाय वैराग्याचं शिक्षण. चार हजारांची रिमोटची गाडी हातात घ्यावी, उलटी करून किंमत वाचावी आणि फळीवर परत ठेवावी. (पोराची बोटं सोडवणं हे प्रात्यक्षिक.)

पंढरपूरसारखी मुखदर्शनाची वेगळी रांग मात्र इथेही हवी. बाहेर पडताना रिकामी पिशवी भाड्याने मिळावी, फोटोपुरती.

आमची कन्या हा अभ्यासक्रम उत्तम गुणांनी पास झाली. परवा वाढदिवसाला आलेल्या मुलांना ती दारातच म्हणाली, “सगळ्यांनी केक नीट बघून घ्या. हात लावायचा नाही. पुढच्या वाढदिवसाला नक्की घेऊ.”