बेडूक साडेपाच फुटांवर

प्राथमिक शिक्षकांना मे महिन्यात सुट्टी असते, असा समज शिक्षक सोडून बाकी सगळ्या समाजात आहे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एप्रिल संपत आला की सुरू होते, "काय बाई, मज्जा आहे बुवा तुमची!" मी हसते. हातातल्या पिशवीत शाळेच्या जाहिरातीची पत्रके असतात.

मुलुंडमधल्या मराठी शाळेत पहिलीच्या बाईंचा वर्षातला पहिला प्रकल्प म्हणजे पहिलीची मुले शोधून आणणे. पट भरला नाही की संचमान्यतेत कोणीतरी 'अतिरिक्त' ठरते आणि ते कोणीतरी आपण असू नये म्हणून आम्ही सगळ्या भर उन्हात चाळी आणि झोपु योजनेच्या इमारती चढतो. दार उघडणारी आजी आधी संशयाने बघते. "काही विकत घ्यायचं नाहीये." "आजी, विकत नाही, शाळा आहे." मग तिला आठवते. "तुम्ही मतदारयादीला आला होतात ना गेल्या वेळी? माझं नाव अजून चुकीचंच आहे." ते नाव दुरुस्त करण्याचे आश्वासन दिल्यावर नातवाचा दाखला मिळतो. लोकशाही आणि प्राथमिक शिक्षण यांचा संबंध पुस्तकात फार अवघड करून सांगतात.

मुले मिळाली की सजावट. त्यासाठी क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला पर्याय नाही. तिथे कार्डशीट, क्रेप कागद, घोटीव कागद, फोमची फुले, चमकी, सगळे डझनाच्या भावात मिळते, आणि डझनाच्या भावात मिळते म्हणून डझनानेच घेतले जाते. पूर्वी यात थर्माकोल असायचा. आमच्या शाळेचे 'सुस्वागतम्' किती वर्षे थर्माकोलचे होते. 2018 साली राज्याने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली आणि ते सुस्वागतम् रातोरात बेकायदेशीर झाले. मोठ्या बाईंनी ते जिन्याखालच्या खोलीत ठेवले. टाकवतही नाही आणि लावताही येत नाही.

खरी परीक्षा परतीच्या लोकलची. लेडीज डब्यात कार्डशीटची चार फुटी गुंडाळी घेऊन शिरले की बायका आपोआप वाट देतात, आणि भायखळा गेले की तीच गुंडाळी सगळ्यांच्या डोळ्यांत जायला लागते. "ताई, ती तोफ जरा वर धरा." वर धरली की पंख्याला लागते. घाटकोपरला मेट्रोवाल्या बायका उतरताना गुंडाळीचे एक टोक बरोबर घेऊन जाऊ पाहतात. मुलुंडला उतरेपर्यंत कार्डशीटला जी चुरगळ पडते तिला आम्ही वर्गात 'समुद्राच्या लाटा' म्हणतो.

मग घर. आमच्याकडे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीवर पाय टाकताना आधी खाली बघावे लागते, कारण तिथे फेव्हिकॉल असतो किंवा सासरे झोपलेले असतात. कामाची वाटणी ठरलेली. नवरा बँकेत आहे. तो पावसाचे थेंब कापतो. एक थेंब दुसऱ्यापेक्षा तसूभर मोठा झाला की बाद. "अहो, पाऊस आहे तो, खातेवही नाही," असे सांगून उपयोग नसतो. बेडूक सासूबाईंकडे. त्या गुहागरच्या.

"आई, बेडूक जरा हसरा काढा ना."

"हसरा बेडूक मी जन्मात पाहिला नाही गो. बेडकाला हसायला झालंय काय?"

आणि त्या अंगणातला अस्सल कोकणी बेडूक काढतात: फुगलेला, रागावलेला, जणू कोणीतरी त्याच्या आगरात गाय सोडली आहे. पहिल्याच दिवशी एका मुलीने माझा पदर ओढून विचारले, "बाई, यांना कोण बोललं?"

पहिलीच्या वर्गात जूनमध्ये पाऊसच लावायचा असतो. छत्र्या, होड्या, ढग, बेडूक, मोर. हा नियम कोणी काढला माहीत नाही, पण तो हवामान खात्याला कोणी कळवलेला नाही एवढे नक्की. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची नेहमीची तारीख 11 जून, शाळा 15 जूनला. कागदावर हिशोब चोख आहे. 2023 मध्ये आम्ही 15 जूनला वर्गभर पाऊस टांगून मुलांच्या स्वागताला उभ्या राहिलो आणि बाहेर टळटळीत ऊन. घामाने थेंबांचा निळा रंग मुलांच्या बोटांना लागला, तेवढाच काय तो ओलावा. रोज सकाळी हवामान तक्त्यावर बाण फिरवायचा, तो रोज सूर्यावर. सूर्याला मी कौतुकाने चिकटवलेला काळा चष्मा होता. तो माझ्याकडेच बघून हसतोय असे वाटायचे. तो पाऊस शेवटी 25 जूनला आला, आणि आला तो मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी. असे त्याआधी 21 जून 1961 ला झाले होते. 2023 च्या त्या 25 जूनला रविवार होता. म्हणजे वर्गातल्या बेडकांना तेही बघायला मिळाले नाही.

2025 मध्ये त्याने उलटे केले. 26 मेलाच आला. इतक्या लवकर मुंबईत मोसमी पाऊस आल्याची नोंदच नव्हती. मी नेमकी त्या दिवशी अब्दुल रेहमान स्ट्रीटवर. गुंडाळी डोक्यावर धरून सीएसएमटीला पोचले तोवर कार्डशीटचे पापड झाले होते. त्याच दिवशी वरळीच्या नव्या कोऱ्या आचार्य अत्रे चौक भुयारी स्थानकात पाणी शिरले. ज्या माणसाने मुलांसाठी नवयुग वाचनमाला केली त्याच्या नावाच्या स्थानकात शाळा सुरू व्हायच्या आधीच तळे साचावे, यावर खुद्द अत्र्यांनी किती दिवस अग्रलेख चालवले असते, या विचारात माझा गाडीतला वेळ बरा गेला.

तर 2023 च्या त्या कोरड्या दिवसांत मी मुलांकडून पर्जन्यमापक करून घेतला होता. पाण्याची बाटली वरून कापायची, तोंडाकडचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, बाजूला मोजपट्टी. गच्चीच्या कठड्याशी ठेवला. पाऊस शून्य, तरी रोज मधल्या सुट्टीनंतर बाटलीत चार बोटे पाणी. शिपाईमामांकडे चौकशी केली तेव्हा कळले की अख्खा वर्ग आळीपाळीने आपापल्या बाटलीतले पाणी त्यात ओतून येत होता. "बाई, तो रिकामा होता ना." पुढे खरा पाऊस आला त्याचे श्रेय त्यांनी त्या बाटलीला दिले आणि मी वाद घातला नाही. हवामान खात्यानेही घातला नसता.

पाऊस सुरू झाल्यावर मुलांना सांगितले की आपल्या उपनगरांचा पाऊस सांताक्रूझला मोजतात, शहराचा कुलाब्याला, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 944 हा आकडा पहिलीच्या मुलांना काय सांगणार? म्हणून खडूने भिंतीवर जमिनीपासून 94 सेंटिमीटरवर एक रेघ ओढली. "पडलेलं सगळं पाणी इथेच साठलं असतं तर इथपर्यंत आलं असतं." झाले. पोरे रेघेला पाठ लावून उभी. काहींच्या खांद्याला, काहींच्या थेट हनुवटीला. एक बुटका गडी टाचा वर करून म्हणाला, "मी वाचलो." त्याचा मित्र म्हणाला, "तू पोहला असतास." एका मुलाचे आजोबा त्या रात्री कुर्ल्याहून मुलुंडला रुळावरून चालत आले होते, त्याने ती गोष्ट दोन्ही हातांनी पाणी बाजूला सारत सांगितली. पुढचा आठवडाभर ती खडूची रेघ वर्गातली सर्वांत लोकप्रिय सजावट होती. अब्दुल रेहमान स्ट्रीटचा सगळा माल वरून बघत होता.

वरूनच. कारण तक्ते आम्ही लावतो ते स्टुलावर चढून, आपल्या डोळ्यांसमोर येतील अशा बेताने. आपले डोळे पाच फुटांवर, मोठ्या बाईंचे जरा वर, तपासणीला येणाऱ्या साहेबांचे साडेपाचावर. मुलाचे डोळे तीन-साडेतीन फुटांवर. म्हणजे सासूबाईंचा बेडूक त्याला दिसतो तो खालून, पोटाकडून. हे डी.एड.ला शिकवलेले होते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांवर टीप लिहा, गुण पाच. मी लिहिली होती: जन्म 1892, गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम, 1945 मध्ये बोर्डीला केंद्र, 1957 मध्ये ते कोसबाडला हलले, 1962 मध्ये पद्मभूषण. पाचपैकी साडेचार मिळाले. पण त्यांच्या सहकारी अनुताई वाघांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचल्याशिवाय त्या टिपेत काय राहून गेले ते कळत नाही. डहाणू तालुक्यातल्या त्या वारली पाड्यांत या दोघींचा सुरुवातीचा प्रकल्प होता मुलांना आंघोळ घालणे आणि नखे कापणे. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात न्यायची. पोरे गुरे राखतात तर शाळा कुरणावर. साधने म्हणजे खडे, शिंपले, बिया, पाने. सगळे मुलाच्या हाताला लागेल असे, मुळात जमिनीवरच पडलेले. डझनाचा भाव नाही.

आता मुलुंडात कुरण नाही. मैदान आहे, त्यावर लग्ने असतात. पण तक्ते खाली घेणे तर शक्य होते. पुढच्या जूनमध्ये मी सगळे तीन फुटांवर उतरवले. आणि जे झाले ते कुठल्याही टिपेत नाही.

आधी अक्षरगाडी. मराठीची 34 व्यंजने, म्हणून 34 डबे, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती वर होती तेव्हा तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते. खाली येताच पहिला प्रश्न आला, "बाई, ही फास्ट आहे का स्लो?" दुसरा, "मुलुंडला थांबते?" लोकलला 12 डबे असतात नाहीतर 15, हे पहिलीतल्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही, त्यामुळे 34 डबे फलाटाच्या बाहेर जाणार याची काळजी लागली. मी सांगून पाहिले की 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आपल्या मुलुंडवरूनच गेली, तिला 14 डबे होते आणि ते ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने होती. यावर वर्गाने हिशोब करून आणखी चार इंजिने मागितली. ती त्यांनीच काढली. एक इंजिन मागच्या टोकाला 'ळ'ला लावले, धक्का द्यायला. 'ङ' आणि 'ञ' या डब्यांत मी काय चित्र लावणार? वर्षानुवर्षे ते रिकामेच जातात. पोरांनी एका मिनिटात निकाल लावला: ते लगेजचे. तेव्हापासून दप्तरे त्यांच्याखाली ठेवतात. भिंतीला खेटून उभे राहायचे, ज्याच्या नावाचे जे अक्षर त्याने त्या डब्यात, आणि 'प'च्या डब्यात पाच जण असल्यामुळे "आतमध्ये चला, आतमध्ये चला" सुरू. 'ठ' मात्र मोकळा असतो. 'ठ'मध्ये बसायला मिळावे म्हणून एकाने दोन दिवस आपले नाव ठकसेन असल्याचे सांगितले.

चित्रकार्डे खाली आल्यावर तीही उघडी पडली. 'ऐ' ऐरणीचा. मुंबईतल्या कुठल्या मुलाने ऐरण पाहिली आहे? "बाई, हे शिलाई मशीन आहे, पण 'श' का नाही लिहिलं?" 'उ' उखळाचा. "डमरू." तिसऱ्या मुलाने सांगितले, डमरू नाही, ऑफिसातले स्टूल. ही कार्डे तशीच चालत आली आहेत, कारण आजवर ती इतक्या उंचीवर होती की कोणाला काही विचारायची सोय नव्हती.

वाढदिवसाचा तक्ता मी लावते, कारण दुसरीच्या बाई लावतात. त्यावर जूनचा फुगा बघून एका आजोबांनी आनंदाने सांगितले, "माझाही 1 जूनचा." मोठ्या बाई म्हणाल्या, "माझाही." शिपाईमामा म्हणाले, "माझाही." त्या पिढीला जन्म देण्याचे काम बरेचसे हेडमास्तरांनी केलेले आहे; दाखल करताना तारीख माहीत नसली की 1 जून. आमच्या पोरांना मात्र त्या तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो याचे फार नवल वाटले आणि ते जुळे असावेत असे ठरले.

बेडकांचे काय झाले ते सांगायला हवे. हाताला लागल्यावर ते भिंतीवर राहतील ही अपेक्षाच नव्हती. एक होडीत गेला. एकाचा पाय घरी गेला, बाकीचा बेडूक शाळेत. एकाला डब्यातला पोहा चिकटवून भरवलेला होता. सर्वांत रागीट जो होता, त्याच्या तोंडावर कोणीतरी लाल स्केचपेनने हसू काढले, कानापर्यंत. मी त्याचा फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिले. "आता आजारी दिसतोय," म्हणाल्या.

जुलैत तपासणी झाली. साहेब भले उंच आणि गुडघ्यांनी बेजार. वर्गात शिरले, सवयीने भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागाकडे पाहिले, तिथे पोपडे आणि एक पाल. मग त्यांची नजर हळूहळू खाली आली. अक्षरगाडी वाचायला ते वाकू लागले, अर्ध्यात थांबले आणि शेवटी पहिलीच्या बाकावर टेकले. 'ठ'वाल्याने लगेच सरकून त्यांना फोर्थ सीट दिली. बराच वेळ त्यांची आणि त्याची कुठली गाडी कुठे थांबते यावर चर्चा चालली, साहेब कल्याणचे. उठायला त्यांना मी आणि मोठ्या बाईंनी मिळून हात दिला. जाताना त्यांनी शेरेबुक मागवून घेतले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले:

'इयत्ता पहिली. विद्यार्थी चुणचुणीत. वर्गसजावट समाधानकारक. पावसाळी दमटपणामुळे सर्व तक्ते खाली घसरलेले आढळले. चांगल्या प्रतीची चिकटपट्टी वापरावी.'