अघोरी कारकुनी

घुबडाचं पीस मिळवायला गेलात, तर मांत्रिक होण्याआधी आरोपी व्हाल. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. माझ्या कपाटातल्या इंद्रजालांमधले निम्मे प्रयोग या एका कायद्यानं निकालात काढले आहेत आणि उरलेले आमच्या सोसायटीच्या नियमावलीनं. अमावास्येच्या मध्यरात्री, अंगावर सूतभर वस्त्र न ठेवता, दक्षिणेकडे तोंड करून उघड्या आकाशाखाली बसायचं असतं. आमची गच्ची दहाला बंद होते. चावी सेक्रेटरींकडे असते. ती मागताना वहीत कारण लिहावं लागतं.

तरीही मी ही पुस्तकं जमवतो. विश्वास म्हणाल तर काडीचा नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबतो, पण ते मांजराला जाऊ द्यायला. या नादाचं मूळ शोधायचं तर शाळकरी वयात, कोपऱ्यावरच्या वाचनालयात, नारायण धारपांपाशी जावं लागेल. धारपांच्या गोष्टीत कुणी जुनाट पुस्तक उघडलं की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. माझ्याही यायचा. पण मला त्यातल्या अमानुष शक्तींपेक्षा पुस्तकाचीच जास्त चौकशी. ते मिळतं कुठे? बांधणी कसली? दुसरी आवृत्ती निघाली का, की पहिलीच्या सगळ्या वाचकांचं काही बरंवाईट झालं?

मिळतं कुठे, याचं उत्तर फारच निराशाजनक निघालं. देवळाबाहेरच्या स्तोत्रांच्या दुकानात. मनाचे श्लोक आणि शनिमाहात्म्य यांच्या मागच्या रांगेत, रबर लावून. पुण्यात अप्पा बळवंत चौकात दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचांच्या गर्दीत एखादं दुकान असतंच. ‘इंद्रजाल आहे का?’ असं विचारलं की दुकानदार आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो, मग हळूच पायांकडे. पावलं सरळ आहेत याची खात्री पटली की मागून विचारतो, “छोटं देऊ, की मोठं?”

मुखपृष्ठावर कवटी, तांबड्या डोळ्यांचा जटाधारी आणि घुबड. आत पहिली काही पानं भयंकर असतात आणि मग एकदम ढेकूण घालवण्याचा उपाय येतो. पाठोपाठ डासांचा. पुढे शेजाऱ्याच्या म्हशीचं दूध आटवण्याचा आणि आपल्या म्हशीचं वाढवण्याचा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनातून खट्टू झालो होतो. स्मशान जागवायचं, राख आणायची, नऊ रात्री जप करायचा आणि पदरात काय, तर चार शेर दूध! आता मात्र मला हीच पानं जास्त आवडतात. त्रैलोक्य जिंकायची इच्छा फार थोड्यांना असते. ढेकूण सगळ्यांच्या घरात होते.

आई नवनाथांची पोथी वाचते. धुंडिसुत मालूंचा ‘नवनाथ भक्तिसार’, शके १७४१, चाळीस अध्याय. त्यात मच्छिंद्रनाथांची शाबरी विद्या आहे, वेताळ आहेत, अस्त्रं आहेत, आणि प्रत्येक अध्यायाला वेगळं फळ सांगितलेलं आहे. कुठला अध्याय वाचला की काय मिळतं, त्याची यादी शेवटच्या अध्यायात. मी एकदा म्हटलं, “आई, हे माझ्या फळीवर ठेवू का? विषय तोच आहे.” ती म्हणाली, “अरे, हात धुतलेस का?” चर्चा तिथेच संपली. आमच्या घरात मंत्र आणि मंत्रतंत्र यांच्यातली सीमारेषा देवघराच्या उंबऱ्यावरून जाते आणि ती कुठून जाते हे आई ठरवते.

जन्मभर मी सरकारी कार्यालयात टाचण्या टोचल्या, म्हणून असेल, पण हे वाङ्मय वाचताना मला भीती वाटत नाही. हजेरी लागल्यासारखं वाटतं. काशीच्या महीधरांचा ‘मंत्रमहोदधी’ घ्या. सोळाव्या शतकातला भारदस्त ग्रंथ, पंचवीस तरंगांचा. त्यात षट्कर्मं दिली आहेत: शांती, वश्य, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. नावं ऐकून घाम फुटावा. पण मजकूर बघा! प्रत्येक कर्माची देवता वेगळी, दिशा वेगळी, ऋतू वेगळा, आसन वेगळं. शत्रूला पळवून लावायचं काम चुकून भलत्या दिशेला तोंड करून केलं की प्रकरण परत. आमच्याकडे फाइल याच कारणांनी परत यायची. फक्त तिथे कुणी भोजपत्र मागत नसे. झेरॉक्स मागत.

आणि प्रयोग फसला तर जबाबदारी कुणाची, याची सोय आधीच करून ठेवलेली. उच्चार चुकला असेल. गुरुमुखातून घेतला नसेल. कुणाला तरी सांगितलं असेल. मनात शंका आली असेल. या चार कलमांमधून सुटलेला साधक अजून जन्माला यायचा आहे. मी बऱ्याच निविदा वाचल्या आहेत, इतक्या चोख अटी ठेकेदारांच्या बाजूनंसुद्धा कुणी लिहिलेल्या नाहीत.

हा आपल्याकडचाच गुण असेल, असा माझा समज होता. मग परदेशी ग्रंथ हाती आले. सॉलोमन राजाच्या नावावर खपणारा ‘गोएशिया’ नावाचा एक जुना इंग्रजी ग्रंथ आहे, त्यात ७२ पिशाच्चांची आस्थापना सूची आहे. दुसरा शब्द नाही. राजे, ड्यूक, मार्क्विस, प्रेसिडेंट अशी पदश्रेणी. कुणाच्या हाताखाली किती पलटणी, याचा आकडा. कुणाकडे कुठला विषय, तेही. ब्यूअर हे प्रेसिडेंट दर्जाचे, पन्नास पलटणींचे अधिकारी, खातं तत्त्वज्ञान आणि वनौषधी. माझा लाडका क्रोसेल. हा ड्यूक, ४८ पलटणी दिमतीला, भूमिती शिकवतो आणि पाणी तापवून देतो. चुकून लिहिलेलं नाही; पाणी तापवणं हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे. हिवाळ्यात आमचा गिझर बंद पडला तेव्हा मी सौ.ला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्यांना बोलवा नाहीतर इलेक्ट्रिशियनला. दोघांपैकी जो आधी येईल तो.” चौथ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. क्रोसेलच्या बाजूनं सांगायचं तर त्याला आम्ही फोन केला नव्हता.

असल्या घरगुती गरजांच्या बाबतीत अथर्ववेदही मागे नाही. वेद म्हणून आपण हात जोडतो आणि पुढे जातो. सहाव्या कांडात केस वाढावेत म्हणून सूक्तं आहेत, ती राहून जातात. तीनेक हजार वर्षांपूर्वीही टक्कल होतं आणि ते मान्य नसणारे ऋषी होते, या विचारानं मला आरशासमोर फार धीर येतो. चौथ्या कांडात तर घरच्या सगळ्यांना गाढ झोप लागावी म्हणून मंत्र आहे. आई झोपो, बाप झोपो, कुत्रासुद्धा झोपो, असा त्याचा आशय. जुन्या परंपरेप्रमाणे तो प्रेयसीला चोरून भेटायला जाणाऱ्याच्या उपयोगाचा. ज्यानं कुत्र्याचाही विचार केला, तो माणूस अनुभवी असणार.

पण माझ्या संग्रहाचा राजा वेगळाच आहे आणि तो सरकारी आहे. १९१५ साली निघालेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या टिपणांचा इंग्रजी खंड. आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्यानं तो सिद्ध केला, पण मूळ सामग्री ए. एम. टी. जॅक्सनची. तोच जॅक्सन, नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेला असताना अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. शाळेच्या इतिहासात तो एका ओळीत येतो आणि मरतो. माणूस संस्कृत जाणणारा होता आणि त्यानं भुतांची माहिती गोळा करायचं ठरवलं, ती कशी? गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून.

आता हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. पालशेतची किंवा उभादांड्याची मराठी शाळा. बाहेर पाऊस. पाढे चाललेत. आणि मास्तरांच्या टेबलावर सरकारी लखोटा: आपल्या गावी भुतांचे प्रकार किती, ती कोठे राहतात, काय खातात, कळवावे. मास्तर काय करणार? वरून आलेलं काम. आज जनगणना आणि निवडणुकीची ड्युटी करणाऱ्या शिक्षकांनी मन खट्टू करून घेऊ नये. त्यांच्या पूर्वसूरींनी खवीस मोजले आहेत. आणि काय मोजले! वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ. एकेकाचा पत्ता, आहार, स्वभाव. पानाखाली तळटीप: शाळामास्तर, अमुक गाव. पुराव्याला याहून भारी माणूस त्या काळी गावात नव्हता.

ही यादी सावकाश वाचली की हसू जरा ओसरतं. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला बामणाचा पोर. लग्न झाल्यावर मेलेला शूद्र तो देवचार. सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. खवीस मुसलमानांचा नाहीतर महार-मांगांचा. म्हणजे जातीचा दाखला आणि वैवाहिक स्थिती हे दोन रकाने मसणवटीतही भरावे लागतात. माणूस मेला, देह जळाला, पिंपळावर बिऱ्हाड हललं तरी रकाने तेच. ज्यानं कुणी ही व्यवस्था लावली, त्याला बढती नक्की मिळाली असणार.

भीती वाटते असं माझ्याकडे एकच पुस्तक आहे आणि त्यात भूत नाही. हाइनरिश क्रामर नावाच्या धर्माधिकाऱ्याचा चेटकिणींविरुद्धचा ग्रंथ, १४८६ च्या सुमाराचा. या गृहस्थानं इन्सब्रुकमध्ये बायकांवर चेटकाचे खटले भरले, ते कोसळले आणि तिथल्या बिशपनंच त्याला गावाबाहेर काढलं. मग त्यानं बसून हे पुस्तक लिहिलं. अपमान झालेल्या अधिकाऱ्यानं काढलेलं परिपत्रक ते. चेटकीण कशी ओळखावी, कशी कबूल करवावी, सगळं कलमवार. पुढची दोनशे वर्षं ते पुन:पुन्हा छापलं जात होतं. ते मी रात्री वाचत नाही. सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला मारल्याची बातमी पेपरात येते, तेव्हा तर फळीकडे बघवतही नाही.

त्याच्या शेजारी मी मुद्दाम महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा ठेवला आहे. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर चार-सहा दिवसांत ज्याचा वटहुकूम निघाला, तो. सोबतच्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळदंडानं बांधणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं... शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. माझ्या संग्रहातलं हे एकच पुस्तक असं आहे की ज्यातला प्रयोग कुठेही तोंड करून केला तरी लागू पडतो.

नादाची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका, निवृत्त प्राध्यापक, विज्ञानाचे, मला जिन्यात अडवून नेहमी ऐकवायचे, “शिकलेल्या माणसानं हे असलं घरात ठेवू नये.” एके दिवशी भरदुपारी दारात हजर. बसले. पाणी प्यायले. क्रिकेट झालं. मग म्हणाले, “तुमच्याकडे ते... स्तंभनाचं काही आहे का हो? म्हणजे वाचायला. निव्वळ अभ्यास म्हणून.” विषय निघाला पार्किंगचा. समोरच्या विंगमधले एक जण रोज त्यांच्या जागेत गाडी लावत होते. मी त्यांना महीधर दाखवला. ऋतू, दिशा, देवता वाचत ते पाच मिनिटं गप्प बसले. “यापेक्षा सोसायटीला अर्ज दिलेला बरा,” म्हणाले आणि उठले. तो अर्ज अजून विचाराधीन आहे.

घरात मात्र दिवाळीच्या साफसफाईला दर वर्षी या फळीवर गदा येते. गेल्या दिवाळीत सौ.नं सरळ रद्दीवाल्यालाच वर बोलावलं. जुनी मासिकं गेली, दिवाळी अंक गेले. वर्तमानपत्रांचे गठ्ठे गेले. माझ्या तरुणपणच्या एकुलत्या कथासंग्रहाच्या उरलेल्या प्रतीही तिनं बेडखालून काढून काट्यावर ठेवल्या. मग ती इंद्रजालांकडे वळली. रद्दीवाल्यानं तिचा हात मध्येच थांबवला.

“वहिनी, ही काट्यावर नाही घालायची. ही नगावर.”

“नगावर?”

“गिऱ्हाईक असतं याला. गाडीतनं येतात. शंभर-दोनशे सहज देतात, जुनं असलं तर जास्ती.” त्यानं जॅक्सनचा खंड उलटून पाहिला आणि परत ठेवला. “इंग्लिश नाही चालत. मारणाचं आहे का?”

सौ.नं ज्या फळीला आजवर नावं ठेवली, त्या फळीसमोर ती कमरेवर हात देऊन उभी राहिली. मनातल्या मनात हिशेब चालला होता. “राहू द्या मग,” ती मला म्हणाली. “भाव वाढेल. पण अहो, जरा कापडानं झटकून तरी ठेवा.”

रद्दीवाल्यानं काटा आवरला. कथासंग्रहाच्या प्रती त्यानं उचलून पुन्हा माझ्या हातात दिल्या.

“हे ठेवा साहेब. कागद हलका आहे, वजनात येत नाही.”