हातदाब्यावर ठसे छापण्याची घरगुती पद्धत (तेरकरांसाठी सुधारित)

छपाईला हात घालण्यापूर्वी आपला अधिकार तपासून घ्यावा. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा अधिकार फी भरून, रविवारच्या कार्यशाळेला बसून मिळवावा लागतो. तेरच्या माणसाला तो जन्मतःच असतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर असल्याची नोंद आहे. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोचच्या बंदराला जाते, असंही लिहिलंय. तगर म्हणजे आपलं तेर. हा माल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून न्यावा लागतो, हेही ते लिहिणाऱ्या भल्या माणसानं नमूद केलंय. पण रस्त्याचा विषय निघाला की सभा लांबते, म्हणून पुढे जाऊ.

कापडाचं झालं, ठशांचं काय, असं कुणी खवचटपणे विचारलं तर त्याला गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाचा रस्ता दाखवावा. सातवाहनकाळात तेरला केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, छोट्या मूर्ती दुहेरी साच्यातून काढत. पुढची बाजू एका साच्यात दाबायची, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायच्या. रोमन नाण्यांवरून मातीत उठवलेली पदकंही इथे सापडली आहेत. थोडक्यात, परदेशी माल आला रे आला की त्याची नक्कल दाबून काढायची, हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. एवढा पूर्वेतिहास पाठीशी असताना माजघराच्या कोपऱ्यात एक हातदाबा बसवायला घरच्यांची हरकत असण्याचं काही कारण नाही. ती असते.

हातदाबा म्हणजे काय, हे समजावताना अवघड बोलू नये. खाली एक सपाट पाटा, वर दुसरा, मध्ये ठसा आणि कागद, आणि दोन्ही पाटे एकमेकांवर आवळायला मळसूत्र किंवा दांडा. असं एक यंत्र तुमच्या स्वयंपाकघरात आधीपासूनच असतं, त्याला पुरीचं यंत्र म्हणतात. दोन-अडीच इंची ठशाला ते उत्तम चालतं. ते घेताना विचारू नये, कारण उत्तर माहीत असतं. परत ठेवण्यापूर्वी मात्र घासून धुवावं. धुऊनही पुढच्या सणाला पहिल्याच पुरीवर मोराची नक्षी उठली तर छपाई पक्की झाली असं समजावं आणि त्या दिवशी बाहेर जेवायची सोय बघावी.

मोठं काम करायचं असेल तर जुन्या बाइंडरकडचा शिकंजा मिळतो का बघावा. नाहीच मिळाला तर गावातला वेल्डर गाठावा. जाड अँगलची चौकट, दोन लोखंडी पाटे, बाजूला दोन स्प्रिंगा आणि खालून रेटा द्यायला ट्रॉलीखाली लावतात तो बाटली जॅक, एवढ्यात काम भागतं. वेल्डर आधी विचारील, “रस काढायचाय का तेल?” तुम्ही सांगाल, छापायचंय. तो हातातली कांडी खाली ठेवील, इकडं-तिकडं बघील आणि आवाज उतरवून विचारील, “किती रुपयाच्या?” इथे ताबडतोब, चार माणसांना ऐकू जाईल असा खुलासा करावा. संध्याकाळी करू म्हणाल तर तोवर बातमी शेजारच्या ढोकीच्या पुढे गेलेली असेल.

आता ठसा. कापडावरच्या छपाईचे ठसे शिसवी किंवा सागवानी असतात, आणि नवा ठसा आठ-पंधरा दिवस तेलात मुरवून मगच वापरतात. आपली मजल सध्या कागदापुरती, म्हणजे घरच्या पत्रिकेपुरती, आहे, तेव्हा लिनोलियम बरं. जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा मिळून हा पदार्थ बनतो आणि ऊब मिळाली की लोण्यासारखा कापला जातो. थंड देशातली मंडळी त्यासाठी तो इस्त्रीनं गरम करतात. आपण वैशाखात फक्त दारात ठेवावा. लिनो मिळत नसेल तर चपलेच्या दुकानातलं सोलचं रबर घ्यावं. बटाट्याचा ठसा शाळकरी मुलांनी हातानं उठवावा. तो जॅकखाली ठेवला तर भाजी होते, तीही बिनमिठाची.

कोरताना अक्षर उलटं कोरायचं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि ऐन वेळी कुणालाच आठवत नाही. म्हणून डोक्यावर विसंबू नये. कागदावर मऊ पेन्सिलीनं सुलटं लिहावं, कागद लिनोवर पालथा घालावा आणि मागून चमच्यानं घासावं. उलटी अक्षरं आपोआप उतरतात. देवनागरीत ठ हे अक्षर भलतंच सरळमार्गी आहे, आरशातही ठ-च राहतं. पण नुसत्या ठ-चं नाव असलेला यजमान मिळणं कठीण. बाकी अक्षरं दगा देतात. विशेषतः पहिली वेलांटी उलटी केली की दुसरीसारखी दिसते, त्यामुळे ठशाकडे बघून शुद्धलेखन तपासणाऱ्या मास्तरांना आधी पाणी द्यावं आणि मग छापलेला कागद. धीर सुटू लागला तर मिरज आठवावी. १८०५ साली तिथे पटवर्धनांच्या आश्रयानं तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून अख्खी भगवद्गीता छापली गेली. अठरा अध्याय, सगळे उलटे. तुम्हाला फक्त ‘कृपया आहेर आणू नये’ एवढंच कोरायचंय. दुसरा हात नेहमी हत्याराच्या पाठीमागे ठेवावा, पुढे नाही. रक्ताचा डाग शाईपेक्षा लवकर वाळतो, पण पत्रिकेवर बरा दिसत नाही.

शाईच्या बाबतीत मराठवाडा भाग्यवान आहे. छपाईची जुनी शाई म्हणजे आटवून दाट केलेलं जवसाचं तेल आणि दिव्याची काजळी. जवस आपल्याकडे चटणीला असतोच. हवा लागली की हे तेल आवळतं आणि कागदावर घट्ट बसतं. शेंगदाण्याचं तेल तसं आवळत नाही. त्यात केलेली शाई पुढच्या संक्रांतीपर्यंत ओलीच राहील आणि पत्रिका वाचणाऱ्या प्रत्येकाच्या बोटावर तुमच्या घरची तिथी उठेल. तेल आटवायला घरात बसू नये, अंगणात चूल मांडावी; त्याचा धूर आणि वास शेजाऱ्यांशी असलेले तुमचे संबंध एका दुपारीत निकाली काढतात. खरं तर शहाण्यानं शाईची तयार ट्यूबच आणावी.

तरीही शाई घरीच करायची हौस असेल तर गणपत कृष्णाजींना मनोमन नमस्कार करावा. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता या गृहस्थानं छपाई पाहिली, मग स्वतःच एक लाकडी हातयंत्र घडवलं, हाताला लागला तो दगड घेऊन शिळाछापाचे प्रयोग केले, शाईसुद्धा स्वतः बनवली. १८३१ साली त्यांनी पहिलं छापील मराठी पंचांग काढलं. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला हात लावीनात, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातलं, असं सांगतात. घरगुती छपाईच्या आपल्या परंपरेचे हे खरे मूळपुरुष. फक्त त्यांच्या तुपाचा दाखला घरी देऊ नये. साजूक तुपाचा डबा आणि काजळी एकाच वाक्यात आले की चर्चेला वेगळं वळण लागतं.

कागद कुठलाही चालतो, पण मिजास करायची तर खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद आणावा. तो जाड आणि खरबरीत असल्यामुळे छापण्याआधी ओल्या फडक्यात गुंडाळून थोडा दमट करावा. दमट म्हणजे दमट. ठिबक सिंचन नव्हे.

आता या शास्त्राचा गाभा, म्हणजे दाब. ठसा कागदावर का उठत नाही, याचं कारण दर खेपेला एकच असतं: कुठेतरी तो सखल असतो. अशा वेळी दांड्यावर अंगावरचं सगळं वजन टाकून लोंबकळण्यात अर्थ नसतो. ठशाच्या मागे, नेमक्या सखल जागी, कागदाचे कपटे चिकटवून ती जागा उचलावी लागते. छापखान्यातले जुने लोक याला मेकरेडी म्हणत आणि त्यात अर्धा-अर्धा दिवस घालवत. सखल जागा शोधायची कशी? त्यासाठी तेरला वेगळं पुस्तक लागत नाही. संतमंडळी इथल्या गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, घरी जमली असताना मुक्ताईनं थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते कळायला. मग आमचीही परीक्षा घ्या, असं ठरलं आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं चालवलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे तक्रार करू लागले, आणि कच्चे ठरले. कीर्तनात ही कथा इथे संपून नामदेवांचे गुरू झालेल्या विसोबा खेचरांकडे वळते. छपाईवाल्यानं मात्र थोडं थांबावं. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची पदं आहेत आणि तिथे ते छीपा म्हणून येतात. छीपा म्हणजे कापडावर ठसे छापणारा. म्हणजे तेरमध्ये एका कुंभारानं सर्वांची चाचणी घेतली आणि नापास झाला तो एकटा छपाईवाला! धंद्याच्या दृष्टीनं ही नामुष्कीच. पण पद्धत शिकून घ्यावी. ठसा पाट्यावर ठेवून लाकडी ठोकळ्यानं जागोजाग हलकेच थापटावं. जिथे आवाज बसका, पोकळ येईल तिथे खाली फट आहे, तिथेच कपटा लावावा. कुंभार मडकं थापटतो तेव्हा आतून दगडी गोट्याचा टेका देतो, बाहेरून थापटणं मारतो. दाब दोन्हीकडून जुळला तरच भिंत सरळ राहते. हे पाहायला गावातल्या एखाद्या कुंभाराच्या अंगणात तासभर बसावं. फुकट असतं, फक्त मध्ये बोलू नये.

दाबाचा दुसरा नियम गणिताचा आहे आणि तो भावकीशी संबंधित आहे. जॅक दोन टनी असेल आणि ठसा तीन बाय चार इंचांचा, तर चौरस इंचाला सुमारे १६७ किलो दाब पडतो. ठसा सहा बाय आठ केला की तोच दाब सुमारे ४२ किलोवर येतो. माप दुप्पट, दाब पाव. आता हे गणित वास्तुशांतीच्या पत्रिकेला लावून पाहा. ‘विनीत’खाली एक नाव असतं तेव्हा छाप खणखणीत उठतो. मग थोरले चुलते येतात. ते ठसा हातात घेतात, उलटी अक्षरं बराच वेळ न्याहाळतात आणि विचारतात, “ह्यात माझं नाव कुठं कोरलायस?” तुम्ही दाखवता. “एवढ्या खाली?” नाव वर घ्यायचं म्हणजे अख्खा लिनो नव्यानं कोरायचा, हे त्यांना पटत नाही, कॉम्प्युटरवाला तर एका बोटानं नाव वर-खाली करतो म्हणे. त्यांचं वर घेतलं की मधल्यांचं, मग आत्याबाईंच्या यजमानांचं, मग किलबिल म्हणून पाच नातवंडं आणि शेवटी ‘समस्त गावकरी मंडळी’. ठसा वाढत वाढत पाट्याच्या कडेला टेकतो आणि शेवटची नावं इतकी फिकट उठतात की रागावणारे वेगळेच निघतात. यावर तोडगा एकच आहे. नावांचे ठसे सुटे कोरावेत आणि जो ज्या घरी पत्रिका घेऊन जाईल त्याचं नाव त्या प्रतीत सगळ्यात वर लावावं. प्रत्येकाला आपल्यापुरती प्रत पहिल्या मानाची मिळते आणि दोन प्रती शेजारी ठेवून बघण्याचा योग सहसा येत नाही. आला तर मुद्राराक्षसावर ढकलावं. मराठी छपाईनं आजवर इतकं काही त्याच्या खात्यावर टाकलंय, त्यात आणखी एक.

वाळवणासाठी वेगळी दोरी बांधावी. उन्हाळ्यात घरची दोरी कुरडया-पापडांच्या कामात गुंतलेली असते आणि तिथे तुमचा अर्ज विचारात घेतला जात नाही. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांची यात्रा भरते, तेव्हा घर पाहुण्यांनी गच्च असतं. त्या आठवड्यात छापायला बसू नये. मदत कमी आणि सल्ले फार मिळतात, आणि ओल्या पत्रिकांवर कुणीतरी शेंगा निवडायला बसतं.

आता एक गोष्ट चेष्टेची नाही. जवसाच्या तेलानं माखलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. तेल आवळताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा बाहेर एकेक सुटी पसरून वाळवाव्यात.

शेवटी उरतो घरातला तरुण. तो पत्रिका पाहील आणि म्हणेल, एवढं करण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर टाकली असती. त्याच्याशी वाद घालू नये, त्यालाच फोटो काढायला लावावं. घाईत एखादा ठसा सुलटा कोरला गेला असेल आणि सगळं उलटं छापलं गेलं असेल, तर फोनमध्ये फोटो आरशासारखा फिरवायची सोय असते. त्या प्रती त्याच्या हवाली कराव्यात आणि थोरल्या चुलत्यांना पाठवायची मात्र सुलटी, कागदाचीच, स्वतः नेऊन द्यावी. जाताना त्यांचं नाव वर असलेलीच प्रत घेतली आहे ना, हे उंबऱ्याबाहेर पडण्यापूर्वी बघावं.