जीबीबाब

डिचोलीत कुणाच्या पडवीतून गॅसचा सिलिंडर गेला, तर पोलिसांच्या आधी जीबीबाबांना फोन जातो. ते चोर पकडून देतात अशातला भाग नाही. पासवर्ड त्यांच्याकडे असतो.

त्यांचं खरं नाव मतदार यादीत आहे. बाकी कुठे कुणी वापरत नाही. डिचोलीच्या बाजारापासून पेडण्याच्या टोकाला केरीपर्यंत ज्यांच्या घराला, हॉटेलाला किंवा देवळाला क्लाउडवर चालणारा कॅमेरा आहे, त्यांना हे एवढंच नाव ठाऊक. माणसाची विचारपूससुद्धा ते जीबीत करतात. "वडलांची तब्येत बरी नाही का हो? मागच्या महिन्यात पडवीच्या कॅमेऱ्याने तीनच जीबी खाल्ले. एरवी म्हातारा दिवसभर येरझाऱ्या घालतो, नऊच्या खाली कधी उतरत नाही." वडील खरोखरच अंथरुणाला खिळलेले असतात. ऐकणाऱ्याने गहिवरावं की घाबरावं, हे ज्याने त्याने ठरवायचं.

कॅमेरे विकणं, बसवणं हे त्यांचं काम नव्हे. ते शिडी घेऊन फिरणाऱ्या पोरांचं. पोरं भिंतीला भोकं पाडतात, वायर ओढतात, मोबाइलवर चित्र दाखवतात आणि पैसे घेऊन जातात. त्यानंतर जे उरतं ते जीबीबाबांच्या वाट्याला येतं. खातं कुणाच्या नावावर, रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं, जागा किती घ्यायची, आणि दर वर्षी त्याचे पैसे कुणाकडून काढायचे. यातलं शेवटचं सगळ्यात कठीण. आमचा माणूस वस्तूचे पैसे मोजायला मागेपुढे पाहत नाही. पण न दिसणाऱ्या जागेचं भाडं म्हटलं की त्याचा वाद तयार असतो. "कॅमेरो म्हजो, वणत म्हजी, करंट म्हजो. मागीर भाडें कोणाक?" यावर जीबीबाबांचं उत्तर ठरलेलं. "कॅमेरो तुमचो, जागो तांचो." 'ते' म्हणजे कोण, हे सांगताना ते बोट वर करतात. हा क्लाउड मुंबईतल्या नाहीतर सिंगापूरमधल्या कुठल्याशा इमारतीत ओळीने मांडलेल्या संगणकांचा असतो, हे त्यांना नीट माहीत आहे. पण बोट मुंबईकडे दाखवलं तर गिऱ्हाईक घासाघीस करतं, वर दाखवलं तर गप्प बसतं. मये गावच्या एका आजीने मात्र विचारलं होतं, आषाढात ढग जास्त असतात, तेव्हा स्वस्त पडतं का म्हणून.

हिशेबाची ही शिस्त त्यांनी खाणीवर कमावली. डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या वजनकाट्यावर ते कारकून होते. सारमानसच्या जेटीकडे जाणारा ट्रक आधी त्यांच्या चोपडीवर चढायचा, मग रस्त्याला लागायचा. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या. मधे थोडी धुगधुगी आली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चच्या मध्याला पुन्हा सगळं बंद. ज्यांच्याकडे ट्रक होते त्यांनी ते दारात उभे करून ठेवले. जीबीबाबांकडे ट्रक नव्हता, चोपडी होती. भाच्याचं कॅमेऱ्याचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं आणि तिथे बिलांचा बट्ट्याबोळ चालला होता. हे जाऊन बसले ते बसलेच. "टन काय नि जीबी काय," ते म्हणतात, "भरून जातो तो माल, आणि लिहून घेतो तो मी."

चोपडी अजून तीच, लाल कापडाच्या बांधणीची. संगणकावर सगळं असतं, तरी आधी चोपडीत उतरवल्याशिवाय त्यांचा त्यावर विश्वास नाही. नवं गिऱ्हाईक आलं की खिशाचं पेन काढून ते जे गणित घालतात, ते ऐकण्यासारखं असतं. कोरगावचे एक काजू बागायतदार आले होते. बोंडू पडायच्या दिवसांत बिया कोण वेचून नेतं ते बघायचं होतं. चार कॅमेरे, चोवीस तास रेकॉर्डिंग, महिनाभर साठवण.

"सेकंदाला दोन मेगाबिट धरू," जीबीबाब म्हणाले. "आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे चार सेकंदांना एक एमबी. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागिले चार, २१,६०० एमबी. एका कॅमेऱ्याला दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला ६४८. गुणिले चार, २,५९२. अडीच टीबीच्या वर. काजू किती होतात वर्षाला?"

बागायतदारांनी आकडा सांगितला. जीबीबाबांनी तोही चोपडीत लिहिला, दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली आणि चोपडी त्यांच्याकडे फिरवली. "चोराला नेऊ द्या. स्वस्त पडेल."

धंदा करणारा माणूस असं बोलतो का? पण याच बोलण्यामुळे पुढची दहा गिऱ्हाइकं येतात. शेवटी तडजोड ठरलेली असते. चोवीस तास नको, हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं, आणि ठेवायचं फक्त सात दिवस. आठव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. हे जीबीबाब तीनदा सांगतात, मराठीत सांगतात, कोकणीत सांगतात, कागदावर लिहून सही घेतात. तरी लोकांना चोरी झाल्याचं नवव्या दिवशीच कळतं.

हालचाल म्हणजे कुणाची, हे मात्र कॅमेऱ्याला समजत नाही. वाऱ्याने हलणारं माडाचं चुडत त्याच्या लेखी माणूसच. आणि चुडतावरही वरचढ तो कोळी. रात्री कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेडचे दिवे लागतात, त्याला पाखरं येतात, आणि पाखरं येतात तिथे जाळं विणावं एवढी अक्कल कोळ्याला आपल्याहून जास्त आहे. काचेपासून बोटभर अंतरावर एक धागा ताणला की अंधारात तो दोरखंडासारखा पांढराशुभ्र चमकतो. वारा आला, धागा हलला, कॅमेरा जागा झाला. वीस सेकंद रेकॉर्डिंग, वर रवाना. पुन्हा वारा, पुन्हा वीस सेकंद. रात्रभर. कोळी मधूनच स्वतः काचेवरून चालत जातो तेव्हा मोबाइलवर आठ पायांचा राक्षस घर गिळायला निघालेला दिसतो. मांद्रेच्या एका बंगल्याचा दिल्लीतला मालक हे बघून पहाटे तीनला ओरडत उठला होता, असं त्याचा केअरटेकर सांगतो.

मोप्याचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला, तेव्हापासून पेडण्यात असे बंगले पावसातल्या अळंब्यांसारखे उगवलेत. मालक वर्षातून आठवडाभर राहतो, उरलेलं वर्ष दिल्लीत बसून आपली रिकामी पडवी बघतो. हे जीबीबाबांचं मोठं गिऱ्हाईक, वापरलेल्या जीबीप्रमाणे पैसे देणारं. त्यांच्या चोपडीत अशा बिलांना एक वेगळा रकाना आहे, 'कोळी'. घरी कुणी नसताना जागा भरली की जीबीबाब डिचोलीहून स्कूटर काढतात, कोलवाळचा पूल ओलांडून धारगळवरून मांद्रे गाठतात, लांब दांड्याचा झाडू कॅमेऱ्यावरून दोनदा फिरवतात आणि परत येतात. बिलात लिहितात, 'कोळी काढणे'. पुढे स्कूटरच्या पेट्रोलाचे पैसे, पुढे १८ टक्के जीएसटी. एका मालकाच्या चार्टर्ड अकाउंटंटने हा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा म्हणून फोन केला होता. जीबीबाब म्हणाले, सिक्युरिटी.

बिल वसूल होण्यात दुसरी अडचण ओटीपीची. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की कार्डावरून ठरावीक मुदतीने आपोआप पैसे कापायचे तर २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं, आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर दर वेळी ओटीपी मागायचा. २०२२ च्या जूनमध्ये ही मर्यादा १५,००० झाली. घरगुती गिऱ्हाईक या आकड्याच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. मोरजी-हरमलच्या हॉटेलांची बिलं मात्र तिथे बरोबर अडकतात. कार्ड मालकाचं, मोबाइल नंबर दिलेला केअरटेकरचा, आणि केअरटेकर मार्च-एप्रिलात काजूच्या हुर्राकाच्या भाटीवर. ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं. तेवढ्यात भाटीवरच्या माणसाकडून सहा आकडे बरोबर वदवून घेणं हे कसब जीबीबाबांकडे आहे. ते एकेक आकडा विचारतात, आणि प्रत्येक आकड्यानंतर "कळ्ळें?" म्हणतात. ओटीपी कुणाला सांगू नये असं बँक घसा फोडून सांगते, हे त्यांनाही ठाऊक आहे. हा प्रकार मला पसंत नाही, आणि तसं मी त्यांना बोलून दाखवलं आहे. त्यांचं म्हणणं, भाटीवर बँक येत नाही.

पण त्यांच्या कारकिर्दीतलं खरं प्रकरण देवळाचं. कुठल्या ते सांगत नाही. महाजन मंडळी वाचतात. गोव्यातली देवस्थानं अजून माझनियांच्या, म्हणजे महाजनांच्या संस्थांच्या, १९३३ च्या नियमावलीवर चालतात. तीन वर्षांनी समिती बदलते, अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार सगळे नवे. कुणी काय सांभाळायचं हे पोर्तुगिजांनी लिहून ठेवलं, पासवर्डचं तेवढं राहून गेलं. मावळत्या खजिनदाराने चाव्या दिल्या, पावतीपुस्तकं दिली, समया मोजून दिल्या. पासवर्ड म्हणे आठवत नाही. नव्या समितीने जीबीबाबांना बोलावलं. असा घोळ पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी तोड काढली. बारा अक्षरांचा नवा पासवर्ड केला आणि स्वतःकडे न ठेवता त्याचे तीन तुकडे केले. पहिली चार अक्षरं अध्यक्षांना, मधली चार सचिवांना, शेवटची चार खजिनदारांना. तिजोरीच्या किल्ल्या वेगवेगळ्या हातांत ठेवतात तसं. सभेने टाळ्या वाजवल्या.

जत्रेच्या रात्री फंडपेटीचं कुलूप फुटलं. अध्यक्ष आले, चार अक्षरं टाकली. खजिनदार आले, त्यांनी आपली चार टाकली. सचिव आले नाहीत. पालखीच्या मानावरून अध्यक्षांशी त्यांचं त्याच दिवशी वाजलं होतं, आणि मधली चार अक्षरं ही आपली वैयक्तिक मालमत्ता असल्याचं त्यांनी मामलेदारांना लेखी कळवलं. मामलेदार देवस्थानांचे प्रशासक असतात खरे, पण चार अक्षरं जप्त कशी करायची हे त्यांनाही सुचेना. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांचं होतं. सोळाव्या दिवशी सचिवांचा राग शांत झाला. पासवर्ड लागला, कॅमेरा उघडला, फंडपेटी छान दिसत होती. नवं कुलूप लावलेली.

भावाभावांच्या वाटण्यांतही त्यांना बोलावणं येतं. गोव्याच्या कायद्याप्रमाणे इन्व्हेंटरीत घरातली चमच्यापासून भाटापर्यंत प्रत्येक वस्तू मांडावी लागते. पिळगावच्या एका घरी कॅमेरे थोरल्याला गेले आणि खातं धाकट्याच्या नंबरावर राहिलं. थोरल्याच्या दारात कोण येतं-जातं ते धाकटा वर्षभर बघत होता, आणि वर्गणीही तोच भरत होता. थोरल्याला एकाच वेळी राग आणि समाधान. जीबीबाबांनी दोघांना समोर बसवून खातं बदलून दिलं. पुढच्या वर्षी थोरल्याने पैसे भरले नाहीत आणि धाकट्याने चौकशी केली, परत घेता येईल का.

इतक्या घरांची दारं एका मोबाइलवर असलेला माणूस गावाला धोक्याचा वाटायला हवा. लोक त्यांच्याकडे भाबडेपणाने सगळं सोपवतात, हे मला बरं दिसत नाही. पण जीबीबाब चित्र बघत नाहीत. वेळच नाही त्यांना. एका चोरीच्या तपासात पोलिसांना चित्रफीत हवी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते दोन भागांत असतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू भरायची असते. इतक्या रिकाम्या जागा असलेला फॉर्म पाहून जीबीबाब हरखले. रात्र जागून, पट्टी लावून भरला. हवालदाराने पेन ड्राइव्ह घेतला आणि सहज विचारलं, "कोण दिसतो हो यात?"

"माणूस बघितला नाही," जीबीबाब म्हणाले. "३४० एमबी आहे."

ज्यांची खाती त्यांच्याकडे आहेत त्यांना एक सांगून ठेवतो. आपला नंबर आणि ईमेल मुख्य वापरकर्ता म्हणून घालून घ्या. मागितलं तर ते नाही म्हणत नाहीत, कुणी मागतच नाही. नूतनीकरण मिरगाच्या आधी उरका, पाऊस लागला की पेडण्याकडे नेटचा भरवसा नाही. आणि चवथीच्या दिवसांत फोन करू नका. ते माटोळी बांधत असतात, उचलणार नाहीत.