भाकरीचा डबा कुठे ठेवावा
प्रतिपालक कुटुंबांसाठी अनधिकृत मार्गदर्शिका

दुसऱ्याचे मूल काही वर्षे घरी सांभाळायचे, म्हणजे कागदावरच्या भाषेत ‘प्रतिपालकत्व’ स्वीकारायचे, असे ज्यांच्या मनाने घेतले आहे त्यांनी सर्वप्रथम स्वयंपाकघर आवरावे. हॉल आवरण्यात वेळ घालवू नये. गृहभेटीला आलेल्या ताई हॉलमध्ये चहा घेतात, शोकेसमधल्या ट्रॉफ्यांचे कौतुक करतात आणि मग ‘घर बघू का जरा?’ म्हणत थेट ओट्यापाशी येऊन उभ्या राहतात. तिथे त्या काय बघतात हे कुठल्याही अर्जात लिहिलेले नाही. आमचा अंदाज असा की, डबे कितव्या फळीवर आहेत ते बघतात.

कागदांचे थोडक्यात सांगतो. २०१५ चा बाल न्याय कायदा, कलम ४४. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, निर्णय बाल कल्याण समितीचा. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, म्हणजे पाच जणांना तुमचे घर पटावे लागते. लग्न जमवतानाही एवढ्यांना पटवावे लागले नसेल. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आता अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तीलाही ३५ ते ६० या वयात अर्ज करता येतो. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगी सोपवत नाहीत. दोन वर्षे सुरळीत गेली तर दत्तकाचा विचार करता येतो, पूर्वी पाच लागत. आपण नगरकरांनी जिल्ह्याच्या रकान्यात अहिल्यानगर लिहावे. बोलताना तोंडातून नगर निघून गेले तर त्यासाठी कोणी अर्ज परत करत नाही.

मिशन वात्सल्यमध्ये मुलामागे महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. हा आकडा तुमच्या शेजारणीला तुमच्याआधी कळलेला असेल. तिला तेलाचा आणि गॅसचा भाव सांगत बसू नये. तो तिला पाठ आहे. तिचा आक्षेप भावाबद्दल नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे जेवण. या योजनेत सहसा सहा वर्षांवरचे मूल येते. याचा स्वयंपाकघरातला अर्थ असा की, त्याची जीभ आधीच कुणीतरी घडवलेली असते. तुमची चिंचगुळाची आमटी हा तुमच्या घराण्याचा अभिमान असेल. त्याच्या लेखी ती गूळ सांडलेली डाळ आहे. उलट आपल्याकडची झणझणीत शिपी आमटी पहिल्या दिवशी वाढण्याचा मोह आवरावा. मुलाच्या डोळ्यांना पाणी आले तर ते नेमके कशाने आले, याची चौकशी होऊ शकते.

मूल संस्थेतून आलेले असेल तर तिथल्या ताटाला सरकारी माप होते हे ध्यानात घ्यावे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आहाराचे कोष्टकच आहे. दर मुलामागे रोज तांदूळ, गहू, नाचणी, ज्वारी मिळून ६०० ग्रॅम, सोळा ते अठरा वयाला ७००; डाळ १२० ग्रॅम, तेल २५, कांदा २५, हळद ५. जिरे-मोहरी इतकी किरकोळ की ती मुलागणिक मोजता येत नाही, म्हणून पन्नास मुलांमागे जिरे २५ ग्रॅम आणि मोहरी ५० ग्रॅम. कर्तव्यदक्ष प्रतिपालकाने हे कोष्टक फ्रिजवर चिकटवावे आणि फोडणी देताना मुलाच्या वाट्याची एक ग्रॅम मोहरी वेगळी तडतडवून घ्यावी. कोष्टकाची थट्टा मात्र करू नये. ज्याने ते लिहिले त्याला नीट ठाऊक होते की, लिहून ठेवले नाही तर कोठीपासून ताटापर्यंतच्या वाटेत किती गळते. त्यात एकच गोष्ट राहिली आहे. मूल खेळता खेळता आत आले, डबा उघडून मूठभर शेंगदाणे घेऊन पळाले, तर ते किती ग्रॅम धरायचे? इथून पुढे सरकार तुमच्या मदतीला नाही.

आग्रहाचा धोका वेगळा समजावून सांगितला पाहिजे. मराठी घरात पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे, दुसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरायचा आणि तिसऱ्यांदा हात जरा ढिला सोडायचा, हे तुम्हाला बाळकडूतून मिळाले आहे. वाढपाच्या रांगेत वाढलेल्या मुलाला ते कुणी शिकवलेले नसते. तिथे ‘नको’ म्हटले की बादली पुढे जाते. म्हणून ते पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणते आणि तुमच्या सासूबाई ‘खातं हो पोर, खाऊ दे’ असे अशा सुरात म्हणतात की घास मोजले जात असल्याचे सगळ्यांना कळते. याउलट पोट भरल्यावर ते खरोखरीचे ‘नको’ म्हणते. त्यावर सासूबाई प्रेमाने दोन पोळ्या वाढतात, आणि टाकले तर ओरडा बसेल म्हणून मूल त्या पाण्याबरोबर गिळत बसते. उपाय एकच. आग्रह ही संस्था काही काळ बरखास्त करावी. पातेले मधोमध ठेवावे, पळी त्यातच असू द्यावी आणि सासूबाईंची जागा पळीपासून दूर असावी.

पहिल्या आठ-पंधरा दिवसांत अंथरूण काढताना उशीखाली चतकोर भाकरी सापडेल. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वाळून कडक झालेली, एका कडेने मुंग्या लागलेली. काही घरी ती दप्तराच्या पुढच्या कप्प्यात निघते आणि कंपासपेटीत पट्टीच्या खाली बिस्किटांचा चुरा. अशा वेळी घरातल्या सर्वांची बैठक बोलवावी, भाकरी पुरावा म्हणून मधोमध ठेवावी आणि ‘आपल्याकडे कुणाला काही कमी आहे का?’ या विषयावर वीस मिनिटे बोलावे. मूल समजल्यासारखी मान डोलावेल. दुसऱ्या दिवसापासून भाकरी माळ्यावर ठेवली जाईल, आणि मुंग्या माळ्यावर जातील.

ज्यांना मुंग्यांचा खरोखरच त्रास होतो त्यांच्यासाठी दुसरी पद्धत आहे. तिच्यात वक्तृत्वाला वाव नाही. झाकणाचा एक स्टीलचा डबा घ्यावा. त्यात शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, एखादा लाडू ठेवावा. स्टूल न घेता मुलाचा हात पोचेल अशा फळीवर तो मांडावा, ‘हा तुझा’ एवढेच सांगावे आणि रिकामा झाला की न बोलता भरावा. रात्री अडीच वाजता झाकणाचा आवाज येईल. उठू नये. झाकण नीट लागले की नाही हे बघायला तर मुळीच उठू नये. सकाळी ‘रात्री उंदीर आला होता वाटतं!’ असा विनोद करण्याची ज्यांना अनिवार इच्छा होते त्यांनी सरळ पहिल्या पद्धतीकडे जावे. काही महिन्यांनी डब्यातला लाडू चार दिवस तसाच पडून राहील. तो घरातल्या मोठ्यांनी चोरून खाऊ नये. पकडले गेल्यास, आणि बाबा बहुधा पकडले जातातच, उशीखाली ठेवला होता असे सांगावे.

आता क्लासविषयी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी पाककलेची शिबिरे निघतात. केक, मोमो, पनीर टिक्का, निळे सरबत आणि शेवटच्या दिवशी लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र. पाठवायला हरकत नाही. फॉर्मवर ‘पालकाचे नाव’ असेल तिथे स्वतःचे नाव लिहून गप्प बसावे. बाईंना बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, ‘त्याचं जरा वेगळं आहे हं’ असे सांगण्याची अनेकांना उबळ येते. त्यानंतर बाई त्याला सर्वांत मोठा केक देतात, बाकीची मुले ‘यालाच का?’ विचारतात आणि बाई कारण सांगून टाकतात.

खरे तर क्लास आधी तुम्ही लावायचा असतो, आणि शिक्षक घरातच आलेला असतो. १९७० साली ‘रुचिरा’ निघाली आणि कमलाबाई ओगल्यांची वाटी-चमच्याची मापे घरोघर पोचली. लग्न होऊन परगावी गेलेल्या कितीतरी मुली आई जवळ नसताना स्वयंपाक शिकल्या. आई जवळ नसताना शिकायची सोय तुमच्याही घरात लागणारच आहे, तेव्हा मुलाला पुस्तक वाचायला बसवावे. त्याने माप सांगायचे, तुम्ही घालायचे. तुम्ही सवयीने ‘अंदाजे’ मीठ टाकलेत की ते चमकून बघेल. वाढताना कुणाच्या अंदाजाने आपल्याला किती आले हे त्याने पाहिलेले असते. वाटी शिगोशिग न भरता सपाट भरावी, आणि तशी भरली आहे हे त्याला दाखवावे. तीन लिटरचा कुकर बघून ‘हे खेळण्यातलं आहे का?’ असे त्याने विचारले तर रागावू नये. त्याने आजवर पाहिलेल्या पातेल्यात तुमचा कुकर चार वेळा बुडला असता.

केक कुणीही शिकवेल. भाकरी क्लासमध्ये येत नाही. त्यासाठी दळण ताजे पाहिजे, कारण ज्वारीचे पीठ जुने झाले की विरी जाते आणि थापताना कडा फाटत जातात. मालदांडी घ्या, नाहीतर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले फुले वसुधा, फुले रेवती यांपैकी काही मिळते का बघा. मुलाला अपयशाची सवय लागावी म्हणून पहिल्या दिवशी मुद्दाम विरी गेलेले पीठ द्यावे, असे एक शिस्तप्रिय मत आहे. ते मांडणाऱ्याला त्या पिठाच्या सहा भाकरी थापायला लावाव्यात. पीठ आधणाच्या पाण्याने मळून द्यावे. गोळा परातीत ठेवला की मूल तो मारून सपाट करते. त्याला सांगावे की मारायचे नाही, बोटांनी रेटत रेटत फिरवायचे, खाली पीठ असेल तर ती आपली आपण फिरते. उचलताना ती मनगटावर मोडेल. मोडू द्यावी. तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आले की उलटायची आणि मग जाळावर. इथे उलथणे तुमच्या हातात असावे, पण श्रेय नसावे.

पहिली भाकरी हुबेहूब नगर जिल्ह्याच्या नकाशासारखी होते. क्षेत्रफळाने राज्यात पहिली, कडा कुठेच सरळ नाहीत, एक शेंडी अकोल्याकडे गेलेली आणि दुसरी जामखेडकडे. ती कुणी खायची हे आधीच ठरवलेले असावे. बाबांनी खावी, पूर्ण. ‘वा! छान!’ म्हणू नये. कच्ची भाकरी कच्ची लागते हे मुलालाही कळते. ‘मधे कच्ची राहिलीय, पुढची जरा जास्त वेळ ठेव’ असे म्हणून उरलेली ठेच्याशी संपवावी. पुढचीही येणार आहे हे त्यातून आपोआप सांगितले जाते.

ज्या दिवशी ती टम्म फुगेल त्या दिवशी तुमचा हात मोबाइलकडे जाईल. थांबावे. अशा मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ खाली बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘नवा पाहुणा, पहिली भाकरी’ हे स्टेटस त्या मानाने महाग पडते. ज्यांना दाखवल्यावाचून राहवत नाही त्यांनी नुसत्या भाकरीचा फोटो टाकावा. तिला कलम लागू नाही.

नातेवाइकांचे एक ठरलेले वाक्य आहे: ‘फार पुण्याचं काम करताय.’ ते मुलासमोर म्हणण्याची पद्धत आहे, म्हणजे आपण पुण्याचा विषय आहोत हे त्याला वेळेत कळते. अशा पाहुण्याला लसूण सोलायला बसवावे आणि नगरचा इतिहास ऐकवावा. नारायण वामन टिळक मिशनच्या कामात नगर-राहुरीकडे असताना पोरकी मुले घरी येत, आणि त्यांच्या पोटापाण्याचे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई बघत. मूल आणणारा एक आणि चूल पेटवणारी दुसरी, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना बाईंना कुणी पुण्यवान म्हटल्यापेक्षा त्या स्वतःवर किती हसल्या हेच जास्त आठवते. नगरची ‘स्नेहालय’ ही संस्था १९८९ पासून आहे. १९९८ च्या सुमारास डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावरच्या निराधार माणसांना घरचे जेवण नेऊन द्यायला लागले; स्वयंपाक सुचेताताई करत. शिंगव्याची त्यांची ‘माउली’ ही संस्था त्यानंतर उभी राहिली. आधी डबा, मग इमारत. एवढे होईपर्यंत एक गड्डा सोलून होतो.

मुलाने तुम्हाला काय म्हणावे हा प्रश्न बैठकीत ठेवू नये. काही दिवस ते ‘ओ’ म्हणून हाक मारील. ‘ओ’ला ओ द्यावी.

शेवटी आढावा. ताई येतात, मुलाला एकट्याला बसवून विचारतात, ‘जेवण कसं असतं?’ ते म्हणते, ‘छान.’ या उत्तरावर हुरळून जाऊ नये. संस्थेत पेढे वाटायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्याने हेच सांगितलेले आहे. पुढच्या वेळीही ‘छान’ येईल. मग कधीतरी दार लोटलेले असताना आतून स्पष्ट ऐकू येईल, ‘काकूंच्या आमटीला काही चव नसते. आणि दोडका केला की दोन दिवस तोच असतो. मी केली तर बरी होते.’ अशा वेळी चेहरा पाडून बसावे, कारण बाहेर येताना ते तुमच्याकडे बघणार आहे. आणि ताई हे वाक्य लिहून घेताहेत ना, याची फटीतून खात्री करावी. लिहीत नसतील तर चहाच्या निमित्ताने आत जाऊन पेन द्यावे.